बारा लाखांच्या पॅकेजमधले चौऱ्याहत्तर हजारच हातात का येतात?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका कंपनीने वर्षाला १२ लाखांचे पॅकेज दिले. बाराने भागून महिना एक लाख धरला होता, पण पहिल्या पूर्ण महिन्याचे ७४,३९५ रुपये जमा झाले. एवढा प्राप्तिकर कापतात का? जुनी करप्रणाली घेतली तर हातात जास्त येईल का? प्रश्नासोबत ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता दिलेला आहे, त्यावरूनच उत्तर देतो. करांचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होऊन कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, तेव्हा इथले क्रमांक जुन्या कायद्यातले समजा.

तुमच्या पगारातून प्राप्तिकराचा एक रुपयाही कापलेला नाही. २५,६०५ रुपयांची तफावत दुसरीकडूनच आली आहे. आधी तक्ता बघा, वर्षाच्या हिशोबाने:

मूळ वेतन ६,००,०००
घरभाडे भत्ता २,४०,०००
विशेष भत्ता १,२७,१४०
कामगिरीनुसार बदलणारी रक्कम १,२०,०००
पीएफमधला कंपनीचा हिस्सा ७२,०००
ग्रॅच्युइटी २८,८६०
गट आरोग्य विम्याचा हप्ता १२,०००

बेरीज बरोबर १२ लाख. पण दर महिन्याच्या सॅलरी स्लिपवर यातल्या पहिल्या तीनच ओळी येतात. ५०,००० अधिक २०,००० अधिक १०,५९५, म्हणजे ८०,५९५. हा तुमचा एकूण मासिक पगार, ज्याला ग्रॉस म्हणतात. उरलेल्या चार ओळींचे वर्षाला २,३२,८६०, महिन्याला १९,४०५ रुपये स्लिपवर कधी चढलेच नाहीत, त्यामुळे ते कापले जाण्याचा प्रश्नच नाही. खरी कपात फक्त ६,२०० रुपयांची आहे. पीएफचे ६,००० आणि व्यवसाय कराचे २००. ८०,५९५ वजा ६,२०० बरोबर ७४,३९५.

पॅकेजलाच सीटीसी म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ ‘कंपनीला तुमच्यापायी येणारा खर्च’ एवढाच आहे. तो पगार नव्हे. ऑफर हातात पडली की बाराने भागायचे नाही, आधी वरच्यासारख्या ओळी वेगळ्या काढायच्या.

त्या चार ओळींपैकी सर्वांत बेभरवशाची म्हणजे कामगिरीची रक्कम. १,२०,००० हा बहुतेक वेळा कमाल किंवा ‘लक्ष्य पूर्ण झाल्यास’ मिळणारा आकडा असतो. ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी शोधा: ती तिमाहीला देतात की वर्षाला, कंपनीच्या निकालावर अवलंबून आहे की फक्त तुमच्या कामावर, आणि देण्याच्या तारखेला तुम्ही नोकरीत असणे बंधनकारक आहे का. तिसरी अट असेल आणि तुम्ही फेब्रुवारीत राजीनामा दिलात, तर अकरा महिने राबूनही ही रक्कम हुकू शकते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, तक्त्यात मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के धरली आहे; हे टक्के कुठून येतात हेही जाणून घ्या. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन द्यायचे, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. १५ भागिले २६, भागिले १२, म्हणजे मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. तीन वर्षांनी सोडून गेलात तर तक्त्यात तीनदा मोजलेले २८,८६० रुपये तुम्हाला कधीच मिळत नाहीत. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेमुळे एका वर्षानंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कराराच्या नोकरीत असाल तर हे जरूर विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी अजून जुनाच पाठ सांगितला जातो.

आता पीएफ. इथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के तुमच्या पगारातून जातात, तेवढेच कंपनी घालते. तुमच्या बाबतीत दोन्हीकडून ६,०००. कंपनीचे ६,००० सीटीसीतूनच आलेले असल्यामुळे दरमहा १२,००० रुपये हातात न येता पीएफकडे वळतात. ते तुमचेच पैसे आहेत. २०२४-२५ साली त्यांवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते. हातातला पगार कमी दिसण्याचे एवढे चांगले कारण दुसरे नसेल.

कायद्याने सक्तीची वेतनमर्यादा मात्र १५,००० रुपयांची आहे, सप्टेंबर २०१४ पासून. म्हणून काही कंपन्या १५,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपयेच कापतात आणि तेवढेच घालतात. तुमच्याकडे हा पर्याय असता तर हातात महिन्याला ४,२०० रुपये जास्त आले असते. कंपनीने स्वतःच्या हिश्श्यात वाचलेले ४,२०० विशेष भत्त्यात टाकले असते तर आणखी तेवढे. टाकतात का, हे कंपनीगणिक बदलते, म्हणून लेखी विचारा. हा पर्याय सहसा रुजू होतानाच मिळतो. पुढे मध्येच ‘कमी कापा’ म्हटले तर कंपनी ऐकेलच असे नाही.

आणखी एक बारकावा. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, पण जास्तीत जास्त १,२५० रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि बाकीचे पीएफमध्ये. मात्र १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफचे सभासद झालेले आणि त्या वेळी १५,००० पेक्षा जास्त वेतन असलेले लोक निवृत्तिवेतन योजनेत येत नाहीत. त्यांचे सगळे १२ टक्के पीएफमध्येच जायला हवेत. चुकून १,२५० दरमहा तिकडे भरले गेले तर त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही, पुढे पैसे काढताना किंवा खाते वळवताना प्रकरण अडते. पासबुकातला निवृत्तिवेतनाचा रकाना आजच उघडून बघा. जुन्या नोकरीचा यूएएन (पीएफचा कायम खाते-क्रमांक) असेल तर तोच नव्या कंपनीला द्या. दोन यूएएन झाले आणि जुने खाते वळवले नाही, तर पाच वर्षांची सलग सेवा सिद्ध करणे अवघड होते, आणि पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा जास्त काढल्यास पॅन दिलेला असूनही १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला जातो.

तुमचे मूळ वेतन सीटीसीच्या निम्मे आहे, हे चांगले. वेतन संहितेत ‘वेतन’ कशाला म्हणायचे याची व्याख्या बदलली: वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरायचा. पूर्वी मूळ वेतन ३० टक्के आणि उरलेले सगळे ‘विशेष भत्ता’ असे तक्ते सर्रास दिसत. ते आता टिकणार नाहीत. याने ग्रॅच्युइटी वाढते. पीएफ प्रत्यक्ष वेतनावर कापला जात असेल तर हातातला पगार थोडा कमी होऊ शकतो. पीएफ १,८०० वरच बांधलेला असेल तर हातात फरक पडत नाही.

आता प्राप्तिकर शून्य कसा ते बघू. १२ महिन्यांचा ग्रॉस ९,६७,१४०, त्यात कामगिरीचे १,२०,००० मिळाले असे धरले तर १०,८७,१४०. नव्या करप्रणालीत पगारदारांना ७५,००० ची सरसकट प्रमाणित वजावट मिळते. उरले १०,१२,१४०. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची ६०,००० पर्यंतची सवलत सगळा कर पुसून टाकते. म्हणून टीडीएस शून्य. कंपनीच्या पीएफ हिश्श्यावर, ग्रॅच्युइटीच्या तरतुदीवर आणि गट विम्याच्या हप्त्यावर तुमच्या पगारात कर लागत नाही, ते या हिशोबात धरलेही नाहीत. एक सावधगिरी: ही सवलत शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या, खास दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्याला मिळत नाही. पगारावर कर शून्य आणि शेअरच्या नफ्यावर मात्र कर, असे होऊ शकते.

जुनी करप्रणाली घेतली तर? त्यात सवलत फक्त ५ लाखांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत आहे. १०,८७,१४० मधून प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० काढले की १०,३४,६४० उरतात. कर शून्यावर आणायला आणखी ५,३४,६४० च्या वजावटी लागतील. तुमच्या पगारात हे जवळपास अशक्य आहे, आणि जमवले तरी नव्या प्रणालीत काहीही न करता जे शून्य मिळते तेच मिळणार. कुणी ‘कर वाचवायला’ म्हणून मार्चमध्ये विमा पॉलिसी गळ्यात मारायला आला, तर त्याला हा हिशोब दाखवा.

वरच्या पगारात जुनी प्रणाली कुठे जिंकते, तेही सांगतो, कारण पुढची पगारवाढ झाली की हा प्रश्न पडेल. समजा वार्षिक ग्रॉस १६ लाख. नव्या प्रणालीत करपात्र १५,२५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या ३,२५,००० वर १५ टक्क्यांनी ४८,७५०. एकूण १,०८,७५०, त्यावर ४ टक्के उपकर ४,३५०. म्हणजे १,१३,१०० वर्षाला, ९,४२५ महिन्याला. पुढचे टप्पे १६ ते २० लाख २० टक्के, २० ते २४ लाख २५ टक्के आणि त्यावर ३० टक्के असे आहेत.

जुन्या प्रणालीत एवढाच कर यायला करपात्र उत्पन्न ९,८१,२५० पर्यंत खाली आणावे लागते, म्हणजे ६,१८,७५० च्या वजावटी. प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडले तरी ५,६६,२५० उरतात. पुण्यात १८,००० भाड्याने राहणाऱ्याचे बघा: कलम ८०सी खालच्या गुंतवणुकीचे पूर्ण १,५०,०००, आरोग्य विम्याचे २५,०००, गृहकर्जाच्या व्याजाचे पूर्ण २,००,००० आणि घरभाडे भत्त्याची सूट १,५६,०००, मिळून ५,३१,०००. एवढे सगळे असूनही नवीच प्रणाली स्वस्त पडते. त्यावर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत (एनपीएस) स्वतःचे ५०,००० घातले तर कुठे जुनी जेमतेम पुढे जाते.

घरभाड्याचे १,५६,००० कसे आले? मूळ वेतन आणि भत्ता तुमच्या तक्त्यातलाच धरला आहे. तीन रकमांपैकी सर्वांत लहान घ्यायची: मिळालेला भत्ता वर्षाला २,४०,०००, किंवा भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून महिना १३,०००, किंवा मूळ वेतनाचे ठरावीक टक्के. हे टक्के मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत ५०, इतर सगळीकडे ४०. पुण्यातले भाडे मुंबईशी स्पर्धा करू लागले तरी २०२५-२६ साठी पुणे ४० टक्क्यांच्या यादीतच आहे. बहुतेकांची सूट मात्र मधल्या रकमेवरच अडकते, कारण मूळ वेतन वाढले की त्याचे १० टक्केही वाढतात. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आईवडिलांना भाडे देत असाल तर ते बँकेतून द्या, आणि त्यांच्या विवरणपत्रात ते उत्पन्न म्हणून दिसू द्या. नुसत्या पावत्यांवर भागत नाही.

१२ लाखांच्या सीमेवर एक खड्डा आहे, तिथे पगारवाढ मागताना सांभाळा. ग्रॉस १२,७५,००० असेल तर करपात्र १२ लाख, कर शून्य. ग्रॉस १२,८५,००० झाले तर कर एकदम ६१,५०० न होता, सीमावर्ती सवलतीमुळे १०,००० वर थांबतो, म्हणजे जेवढे जास्त मिळाले तेवढाच. त्यावर ४०० उपकर लागतो. दहा हजारांची वाढ झाली आणि हातात चारशे रुपये कमी आले, असा प्रकार होतो. पीएफ बाजूला ठेवला तर ग्रॉस सुमारे १३ लाख ४९ हजारांपर्यंत जाईतो तुम्ही १२,७५,००० वाल्यापेक्षा मागेच राहता. अशा वेळी कंपनीला सांगा की वाढीचा काही भाग कलम ८०सीसीडी(२) खाली एनपीएसमध्ये कंपनीचा हिस्सा म्हणून भरा. नव्या प्रणालीत मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते. ५०,००० मूळ वेतनावर ती वर्षाला ८४,०००, म्हणजे हा खड्डा पार करण्यापुरती. हे पैसे बरीच वर्षे अडकतात हे लक्षात ठेवूनच निर्णय घ्या.

टीडीएस दर महिन्याला सारखा का नसतो? कंपनी एप्रिलमध्ये तुमच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधते, त्यावरचा कर काढते आणि उरलेल्या महिन्यांत विभागते. दर महिन्याला हे गणित पुन्हा होते. बोनस मिळाला की अंदाज वर जातो, आणि काही कंपन्या वाढीव कर त्याच महिन्यात वसूल करतात. १५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला १,२०,००० बोनस मिळाला तर १८,७२० एकदम जातात. बोनसवर वेगळा, जास्त दर लागतो हा समज खरा नाही.

कुठली करप्रणाली हवी हे कळवले नाही तर कंपनी नवीच धरते. २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली आहे. पगारदाराला विवरणपत्र मुदतीत भरताना प्रणाली बदलता येते, तेव्हा एप्रिलमध्ये चुकले म्हणून घाबरू नका. जुनी निवडली असेल तर मात्र जानेवारी-फेब्रुवारीत पुरावे द्यावेच लागतात. घरभाड्याची १,५६,००० ची सूट धरून दहा महिने कमी कर कापला आणि करारनामा सापडलाच नाही, तर २० टक्क्यांच्या टप्प्यात ३२,४४८ रुपये फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून जातात. मार्चमध्ये पगार अर्धा आला म्हणून घाबरून विचारणाऱ्यांचे कारण बहुतेक वेळा हेच असते. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर कर २० टक्के दराने कापला जाऊ शकतो. पहिल्याच महिन्यात टीडीएस अवाजवी दिसला तर आधी हे तपासा. बँकेने ठेवीच्या व्याजावर कापलेला टीडीएसही आता फॉर्म १२बीएए देऊन कंपनीच्या हिशोबात धरता येतो.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांनी पुढचा हिशोब दोनदा वाचावा. एप्रिल ते सप्टेंबर महिना ८५,००० प्रमाणे ५,१०,०००. ऑक्टोबरपासून दुसरीकडे १,४०,००० प्रमाणे ८,४०,०००. पहिल्या कंपनीने वर्षाचे १०,२०,००० धरले, कर शून्य. दुसरीला फक्त ८,४०,००० दिसले, कर शून्य. प्रत्यक्षात एकूण १३,५०,०००, करपात्र १२,७५,०००, कर उपकरासह ७४,१००. दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट आणि खालचे टप्पे आपापल्या परीने दिले, पण तुम्हाला ते एकदाच मिळतात. विवरणपत्र भरताना हे ७४,१०० एकरकमी भरावे लागतात, वर अग्रिम कर न भरल्याचे व्याज, एप्रिलपासून महिन्याला १ टक्का, आणि हप्ते चुकल्याचे वेगळे. उपाय सोपा आहे: नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म १२बी भरून आधीचा पगार आणि कापलेला कर कळवा. मग सहा महिन्यांत महिना १२,३५० कापले जातील. हातात कमी येईल, पण जुलैत धक्का बसणार नाही.

व्यवसाय कर ही किरकोळ रक्कम आहे, तरी तिच्यातही चुका होतात. महाराष्ट्रात पुरुषांना महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने हीच कमाल मर्यादा घातली आहे, म्हणूनच फेब्रुवारीत शंभर जास्त कापून बेरीज जुळवतात. महिलांना एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत हा कर नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये लिंगाची नोंद चुकली की २२,००० मिळवणाऱ्या बाईचेही २०० दरमहा कापले जातात. स्लिपवर असे दिसले तर लगेच दुरुस्ती मागा, अडीच हजार म्हणजे अशा पगारात थोडे नव्हेत. हिशोब महिन्याच्या महिन्याला होतो, त्यामुळे जादा कामामुळे एखाद्या महिन्यात पगार २५,००० च्या वर गेला तर त्या महिन्यापुरते २०० बरोबर आहेत. जून आणि डिसेंबरमध्ये काहींच्या स्लिपवर २५ रुपये दिसतात, ती कामगार कल्याण निधीची वर्गणी.

कमी पगारात कपातीचा तोल वेगळाच असतो. तिथे चूक झाली तर ती घरखर्चावर येते, म्हणून हा भाग इथे देतोच. ग्रॉस २०,०००, त्यात मूळ वेतन १२,०००, घरभाडे भत्ता ४,०००, विशेष भत्ता ४,००० असे धरा. ग्रॉस २१,००० पर्यंत असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागते: कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १५० रुपये, मालकाचे ३.२५ टक्के. पीएफ पुष्कळ ठिकाणी १२,००० वर १,४४० कापतात. पण सर्वांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता पीएफच्या वेतनात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. घरभाडे वगळून १६,००० होतात, १५,००० च्या मर्यादेवर १,८००. हातात पुरुषाला १७,८५०, महिलेला १८,०५०. कपात १,४४० ची असेल तर हातात ३६० जास्त दिसतील, पण मालकाचेही ३६० दरमहा बुडतात, म्हणजे खात्यात ७२० कमी जातात.

ईएसआयची मुदत एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी असते. जुलैत पगार २०,५०० वरून २२,००० झाला तरी सप्टेंबरपर्यंत कपात चालूच राहते, आता १६५ रुपये. ही चूक नाही, आणि त्या बदल्यात उपचारांचा हक्कही चालू राहतो. त्या काळात दवाखान्याची गरज पडली तर तो वापरा.

एखादा दिवस बिनपगारी गेला तर किती कापले जातील, हेही कंपनीच्या भागाकारावर ठरते. ८०,५९५ ला ३० ने भागले तर दिवसाला सुमारे २,६८७, २६ ने भागले तर सुमारे ३,१००. नियमावलीत कुठला भागाकार लिहिला आहे ते बघा. काही ठिकाणी हजेरी २१ ते २० तारखेची धरतात, त्यामुळे २५ तारखेची रजा पुढच्या महिन्यात कापली जाते आणि स्लिप चुकल्यासारखी वाटते.

कायद्याच्या कपातींनंतर ज्या ओळी उरतात त्या तुमच्या संमतीच्या. महाराष्ट्रात त्यातली सर्वांत मोठी बहुधा पगारदारांच्या पतसंस्थेची: शेअर्स, वर्गणी, कर्जाचा हप्ता. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिले की मालकाला पगारातून कापून संस्थेला पैसे द्यावे लागतात, आणि ती संमती सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहतानाही दिली जाते. कर्ज थकले की कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि जामीनदाराच्याही पगारातून हप्ता सुरू होतो. मैत्रीखातर सही करण्यापूर्वी ‘हा हप्ता माझ्या स्लिपवर आला तर घर चालेल का’ हे स्वतःला विचारा. कपातींची एकूण रक्कम वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा वेतन संहितेत आहे.

शेवटी, कापलेले पैसे खरोखर भरले गेले का? पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, तो पासबुकात दिसतो. दोन-तीन महिने नोंद नसेल तर आधी कंपनीला लेखी विचारा, उत्तर आले नाही तर भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर स्लिप जोडून तक्रार नोंदवा. टीडीएस लगेच दिसत नाही. तिमाहीचे विवरण जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या अखेरीस आणि मार्च तिमाहीचे ३१ मे पर्यंत भरले जाते, त्यानंतर फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या नोंदीत, आकडे येतात. फॉर्म १६, म्हणजे कंपनीने द्यायचा टीडीएसचा दाखला, त्यासाठी १५ जून ही तारीख आहे. स्लिपवर कर कापलेला आहे पण २६एएस मध्ये नाही, अशी वेळ आली तर कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: कापलेला कर मालकाने भरला नाही म्हणून तो तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. त्यासाठी पुरावा हवा, म्हणून प्रत्येक महिन्याची स्लिप कंपनीच्या पोर्टलवरून उतरवून स्वतःच्या मेलवर ठेवा. राजीनाम्यानंतर ते पोर्टल तुमच्यासाठी बंद होते.